टी पेशींतील कॅल्शियम मोजताना या चुका टाळा

टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) चेतल्या की त्यांच्यातील कॅल्शियम वाढते; ते मोजण्यासाठी कॅल्शियमनुसार चमक बदलणारे रंगद्रव्य पेशींत भरतात. रक्तातून वेगळ्या केलेल्या टी पेशींना सीडी३-विरोधी प्रतिपिंडाने (टी पेशीच्या ग्राहीसोबतच्या सीडी३ प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रथिनाने) चेतवूनही चमकेच्या आलेखाची रेषा सपाटच राहिली, की पेशी निकामी झाल्या असे मानून नमुना टाकून दिला जातो. तसे करण्यापूर्वी आयनोमायसिन (ग्राहीला वगळून कॅल्शियम थेट पेशीत आणणारे रसायन) घालून पाहावे. त्यानेही चमक वाढली नाही तर दोष रंगद्रव्यात किंवा बफरमध्ये शोधावा. ती वाढली तर चेतना अपुरी होती का, हे आधी तपासावे, कारण विद्राव्य प्रतिपिंडाला अनेकदा दुय्यम प्रतिपिंडाने (पहिल्या प्रतिपिंडालाच चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाने) जोडून घ्यावे लागते.

सर्वांत दिशाभूल करणारी चूक बफरची आहे. शांत टी पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेर ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक असते. टी पेशीच्या ग्राहीकडून संकेत मिळाल्यावर आयपी३ या संदेशवाहक रेणूमुळे आंतर्द्रव्यजालिकेतील (पेशीतील कॅल्शियम साठवणाऱ्या पटलजाळ्यातील) साठा मोकळा होतो, तो घटल्याचे स्टिम१ हे प्रथिन ओळखते आणि पेशीपटलातील ओराय१ ही मार्गिका उघडून बाहेरचे कॅल्शियम आत येऊ लागते. त्यामुळे कॅल्शियमविरहित बफरमध्ये केवळ साठ्याचा छोटा, लवकर ओसरणारा उंचवटा दिसतो, आणि त्यालाच ‘क्षीण प्रतिसाद’ म्हणणे चुकीचे ठरते. एनफॅट (जनुके चालू करणारे प्रथिन) केंद्रकात टिकून राहण्यासाठी लागतो तो बाहेरच्या कॅल्शियमचा दीर्घकाळचा अंतःप्रवाह. ओराय१मधील एका उत्परिवर्तनाने तो बंद पडून बालकांना तीव्र प्रतिकारक्षमता-न्यूनता होते, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. हे दोन टप्पे वेगळे पाहायचे असतील, तर कॅल्शियमविरहित बफरमध्ये थॅप्सिगार्जिनने (साठ्यात कॅल्शियम परत भरणारा पंप रोखणाऱ्या रसायनाने) साठा रिकामा करावा आणि नंतर २ मिलिमोलर कॅल्शियम परत द्यावे. पहिला उंचवटा नीट येऊन दुसरा आलाच नाही, तर शंका थेट अंतःप्रवाहावर घेता येते.

रंगद्रव्य भरताना माध्यमात सीरम ठेवू नये, कारण त्यातील एस्टरेज विकरे रंगद्रव्य पेशीबाहेरच तोडतात. ३७ अंश सेल्सिअसला फार वेळ भरल्यास ते पेशीच्या आतील कप्प्यांत शिरते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकसारखी उजळण्याऐवजी ठिपकेदार दिसते. अशा वेळी अल्प डिजिटोनिन (पेशीच्या बाह्य पटलाला छिद्रे पाडणारे रसायन) घालावे: पेशीद्रवातील रंग निघून गेल्यावरही जी चमक उरते, ती बहुतांशी कप्प्यांतली. तापमान आणि वेळ कमी करून पुन्हा भरणे हाच त्यावरचा उपाय.

फ्ल्युओ-४ या एकाच तरंगलांबीवर मोजल्या जाणाऱ्या रंगद्रव्याची चमक ते किती भरले गेले यावरही अवलंबून असते, म्हणून दोन व्यक्तींच्या पेशींची कच्ची चमक शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. फ्युरा-२ या रंगद्रव्याचे ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने मिळणाऱ्या चमकेचे गुणोत्तर, किंवा फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) इंडो-१ या रंगद्रव्याचे गुणोत्तर, हे अधिक विश्वासार्ह आहेत. मात्र गुणोत्तराचेही समूहभर सरासरी मूल्य घेतले, तर एकेका पेशीतील कॅल्शियमची आंदोलने (पुन्हा पुन्हा होणारे चढउतार) त्यात विरून जातात, आणि निम्म्याच पेशींनी जोरदार दिलेला प्रतिसाद सर्वांच्या मध्यम प्रतिसादासारखा दिसतो.