शेवटच्या आजारपणात जोडीदाराचे नाव कागदावर कसे आणावे

अतिदक्षता विभागाच्या दाराशी 'रुग्णाशी नाते काय?' असे विचारले की वर्षानुवर्षे एका घरात राहिलेला समलिंगी जोडीदारही 'मित्र' एवढेच सांगतो, आणि डॉक्टर मग कधीच ये-जा नसलेल्या सख्ख्या भावाला बाजूला घेऊन बोलतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक २०१८ मध्ये गेला, तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे पुढील कागद प्रकृती धडधाकट असतानाच करून ठेवावेत.

सर्वांत आधी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच 'लिव्हिंग विल' करावे; शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हा कागद. २०२३ पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेतले की पुरते. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात द्यायची असतात आणि ती एकाहून अधिक चालतात. जोडीदाराचे पूर्ण नाव इथेच लिहावे, कारण कृत्रिम उपचार थांबवण्याचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे येतो तेव्हा याच व्यक्तींची संमती विचारली जाते. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने वा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी.

शुद्ध असेपर्यंत मात्र आपला शब्दच चालतो. दाखल होतानाच 'माझी सगळी माहिती यांना सांगा' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगून केसपेपरवर नोंद करून घ्यावी. घरच्यांना नाते ठाऊक नसेल, तर कोणासमोर काय बोलू नये हेही डॉक्टरांना एकांतात सांगावे.

परिचारिकांना एक कळकळीची विनंती आहे. बाई रुग्ण दिसली की 'यजमान कुठे आहेत?' असे सहज विचारले जाते आणि त्या एका प्रश्नाने ती कायमची गप्प होते. उभयलैंगिक व्यक्तीचे लग्न झालेले असेल, तर तिच्या आयुष्यातले दुसरे माणूस कोणाच्या मनातही येत नाही. त्याऐवजी 'तुम्हाला जवळ कोण हवं?' असे विचारावे आणि जे नाव येईल ते विनाशेरा लिहावे.

आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र केले असले, तरी ते मृत्यूबरोबर संपते, म्हणून मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे करावे. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. नातेवाईक हजर असून अडून बसले, तर मात्र हे पत्र पुरेसे पडत नाही. अंत्यविधी कोणी व कसा करावा हे स्वतंत्र कागदावर लिहून, भाचा, मावशी, जो कोणी आपला असेल त्याला आधीच वाचायला द्यावे.