वन्यजीवांचे जनुकीय वैविध्य मोजताना या चुका टाळा

विष्ठेतून डीएनए मिळवून वैविध्य मोजणारे नवे अभ्यासक एक चूक हमखास करतात: प्रत्येक नमुन्यावर एकदाच पीसीआर (डीएनएच्या प्रती बनवण्याची प्रक्रिया) करून आकडे मांडायला बसतात. विष्ठेतील डीएनए थोडा आणि तुटका असल्यामुळे आईवडिलांकडून आलेल्या दोन ॲलीलपैकी (एकाच जनुकस्थानावरच्या डीएनएच्या रूपांपैकी) कधीकधी एकाचीच प्रत बनते आणि विषमयुग्मी (दोन वेगळी ॲलील असलेला) प्राणी समयुग्मी (दोन्ही सारखीच असलेला) दिसतो. त्यामुळे सुदृढ समूहातही अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली वीण) भासते, शिवाय एकाच प्राण्याचे दोन नमुने न जुळल्याने संख्याही फुगते.

एका मांसभक्षक प्राण्याच्या अभ्यासात आम्हाला अंतःप्रजनन इतके तीव्र दिसले, की बाहेरून नर आणण्याची शिफारस लिहूनही झाली होती. मला मात्र दोन नमुने खटकत होते. ते एकाच वाटेवर, एकाच सकाळी, दहा पावलांच्या अंतराने मिळाले होते. बारापैकी दहा जनुकस्थानी ते जुळत होते आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी त्यांतला एक समयुग्मी होता. सगळे नमुने पुन्हा तपासण्यात तीन आठवडे गेले, सहकारी वैतागले, पण बरेचसे समयुग्मी निकाल खोटे निघाले आणि शिफारस मागे घ्यावी लागली. तेव्हापासून समयुग्मी निकाल चार स्वतंत्र पीसीआरमध्ये तसाच आल्याखेरीज मी नोंदवत नाही. नमुना विष्ठेच्या बाहेरच्या थरातूनच घेतो, कारण आतड्याच्या पेशी तिथे अधिक असतात. प्रत्येक फेरीत डीएनए नसलेली एक नळी ठेवतो, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला असेल तर कळते. वेळ वाचवण्यासाठी ती वगळणाऱ्यांचे आकडे मी वापरत नाही.

एकाच बिळातील भावंडांच्या नमुन्यांवरून संपूर्ण समूहाबद्दल बोलू नका.

वाढलेली संख्या म्हणजे परतलेले वैविध्य नव्हे. शिकारीमुळे मोजकेच उरलेले उत्तरी एलिफंट सील आज लाखाच्या वर आहेत, तरी त्यांचे वैविध्य तोकडेच आहे.

बाहेरचे प्राणी आणून सोडण्याची घाईही मला पटत नाही. फ्लोरिडात 1995 मध्ये टेक्सासहून आणलेल्या आठ माद्यांमुळे पँथर सावरले, हे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. मध्य युरोपातल्या टाट्रा पर्वतातील आयबेक्सचे (एका जातीच्या रानबोकडांचे) काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. तिथे तुर्कस्तान आणि सिनाईकडचे रानबोकड मिसळले गेले, संकरित माद्यांचा माज लवकर येऊ लागला, पिल्ले फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत जन्मू लागली आणि तो समूहच नष्ट झाला. म्हणून असा प्रस्ताव समोर आला की मी आधी दोन्ही ठिकाणच्या विणीच्या हंगामाच्या नोंदी मागवतो.