स्टिरिओच्या तुटलेल्या वायरला जोड देताना या चुका टाळा

गाडीतल्या स्टिरिओचा आवाज वाढवला की सेट बंद पडतो आणि पुढच्या स्पीडब्रेकरवर आपोआप सुरू होतो. अशा वेळी बहुतेक लोक आधी सेटला दोष देतात आणि नवीन सेटची किंमत विचारायला निघतात. पण पुष्कळदा सेट ठणठणीत असतो. मागच्या कपलरमधली (वायरींच्या प्लगमधली) एखादी वायर दोन-चार तारांवर कशीबशी तग धरून असते, इतकंच. ही दुरुस्ती घरी करता येते. मात्र घाईत दिलेल्या जोडामुळे शंभर-दोनशे रुपयांचं काम हजारोंत जातं.

पहिली चूक तपासणीतच होते. सेटला बॅटरीची कायमची वीज देणाऱ्या पिवळ्या वायरला मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली, असं धरून चालतात. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा भार टाकल्यावर होते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा आणि तो पिवळी व काळी (अर्थची) यांच्यामध्ये लावा. तो साधारण पावणेदोन अँपियर ओढतो. बल्ब पेटलेला असताना कपलरवरचं व्होल्टेज आणि थेट बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. फरक ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दोन व्होल्ट गळत असतील तर दोष वायरीत, फ्यूजच्या पकडीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. बल्ब पेटलेला असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी सेटच्या काळ्या वायरीवर ठेवा; गळणारे व्होल्ट तिथेच दिसले तर दोष अर्थिंगचा. बल्ब लावलेला असतानाच वायरींचा जुडगा बोट-बोट सरकत हलवत जा. ज्या जागी बल्ब मिचकावतो, तिथेच तुटलेलं आहे.

तपासणी झाली की हत्यार लावण्यापूर्वी १० च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. चालू पिवळी वायर पक्कडीत धरून कापताना पक्कड डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला टेकली तर फ्यूज उडतोच. सेटला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. आणि एअरबॅगच्या वायरींना, त्या बहुधा पिवळ्या आवरणात असतात, हा तपासणीचा बल्ब चुकूनही लावू नका.

रंगांवर आंधळा भरवसा

बाजारात मिळणाऱ्या सेटच्या वायरींचे रंग बहुतांशी ठरलेले असतात. पिवळी कायमच्या १२ व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्या-त्या स्पीकरची निगेटिव्ह. निळी अँटेनाची, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी. पण गाडीच्या बाजूच्या मूळ वायरींना हे रंग लागू पडत नाहीत. तिथे लाल रंगाची वायर स्पीकरचीही असू शकते. आयएसओ कपलरच्या (ठरलेल्या प्रमाणित मांडणीच्या प्लगच्या) पॉवरच्या ब्लॉकमध्ये ४ नंबरला कायमचा, ७ नंबरला चावीवरचा आणि ८ नंबरला अर्थ अशी मांडणी असते, तरी काही गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात. उलटे जोडले गेले की गाडी बंद करताच घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. म्हणून वायर कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला कागदी टेपची चिठ्ठी लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक स्पीकरच्या वायरींची. चारही स्पीकरच्या रेघवाल्या वायरी एकत्र पिळून बॉडीला अर्थ करायच्या, ही जुन्या सेटची सवय अजून सुटलेली नाही. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप्लिफायरच्या आयसीतून (चिपमधून) येतात. सेट चालू ठेवून त्यातली कुठलीही एक वायर आणि बॉडी यांच्यात मीटर लावा, ६ व्होल्टच्या आसपास दिसेल. तो बिघाड नाही, ती तिची नेहमीची स्थिती आहे. हीच वायर बॉडीला टेकली की सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, किंवा आयसी जळते. दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत उघडझाप होऊन वायर सोलली गेली तरी हाच प्रकार होतो, आणि दार एका ठरावीक कोनात आल्यावरच सेट गप्प होतो. सेटचा कपलर काढून स्पीकरच्या प्रत्येक वायरीपासून बॉडीपर्यंत रोध मोजा. मीटरवर ‘OL’, म्हणजे जोड नाही, असंच दिसायला हवं; आकडा आला तर वायर बॉडीला लागली आहे. दोन वायरींमध्ये मोजल्यावर ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ च्या दरम्यान दाखवतो.

जोड

मुंबईच्या हवेत टेपचा जोड टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डमागे टेपचा गोंद वितळून चिकचिकीत होतो, टेप सुटते, पावसाळ्यात दमट खारी हवा आत शिरते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेल्या गाडीत तर पाणी आवरणाच्या आतून तारांमधून वर चढतं. वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर तिथे सोल्डर धरतच नाही. फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) फासून, घासून जबरदस्ती करू नका. चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, आणि वीतभर कापूनही काळंच असेल तर तेवढा तुकडा नवीन घाला. पॉवर आणि अर्थसाठी १.५ चौरस मिमी, स्पीकरसाठी ०.७५ चौरस मिमीची बारीक तारांची वायर पुरते. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर हादऱ्याने मोडते. ती वापरू नका.

हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसून जोडावर घट्ट बसणारी नळी) जोड देण्याआधी वायरीत ओवायची. ही साधी गोष्ट विसरली की शेवटी पुन्हा टेपच हाती येते. दोन्ही टोकं ८-१० मिमी सोला, एकमेकांवर आडवी ठेवून पीळ द्या. २५ ते ३५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न खालून लावा आणि सोल्डर वरून वायरीला टेकवा. वायर पुरेशी तापली की सोल्डर आपणहून तारांमध्ये शिरते. मण्यासारखा गोळा वर बसून राहिला तर तो कोरडा जोड, पुन्हा करा. फ्लक्स राळेचाच हवा. पत्र्याच्या कामाचं अ‍ॅसिड वापरलं तर वायर आतून खाल्ली जाते. लॅमिंग्टन रोडला ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), स्लीव्ह आणि हवा तो कपलर सहज मिळतो. गाडीचा मूळ प्लग हवा असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअरच्या दुकानांत चौकशी करा.

सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठर होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. जोडाच्या दोन्ही बाजूंना ३-४ सेंटिमीटरवर झिप टाय मारून जुडगा स्थिर करा. सगळे जोड एकाच जागी न देता मागे-पुढे द्या. एका रांगेत आले की तिथे गाठ फुगते आणि सेट मागे सरकत नाही. मग लोक तो अंगठ्याने दाबून बसवतात आणि नुकताच जोडलेला भाग पुन्हा चेपतो. प्लगपाशी किमान ७-८ सेंटिमीटर वायर ठेवूनच कापा. सोल्डरऐवजी क्रिम्प करायचं, म्हणजे धातूची नळी दाबून टोकं जोडायची असतील तर लाल बट कनेक्टर ०.५ ते १.५ चौरस मिमीसाठी असतो, आणि तो क्रिम्पिंगच्या हत्यारानेच दाबायचा, साध्या पकडीने नाही.

अँटेनाची आणि यूएसबीची केबल मात्र पिळून जोडू नका. अँटेनाच्या केबलमधली मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांचं अंतर बदललं की रेडिओ खरखरतो. या केबली बदलायच्याच असतात.

फ्यूजबाबत एकच सांगणं. सेटच्या पाठीवर १० अँपियरचा असेल तर १० चाच घाला. उडतोय म्हणून २० चा घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे फोम आणि प्लास्टिकच्या मधोमध वायर तापत ठेवणं. फ्यूज वायरीला वाचवतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर बॉडीला लागते आहे, ती जागा शोधा.

वायर उंदराने कुरतडलेली असेल तर नुसता जोड देऊन भागत नाही. सोसायटीच्या आवारात, कचऱ्याच्या डब्याजवळ उभ्या गाडीत तो पुन्हा येतो. जुडग्यावर विणलेली नायलॉनची स्लीव्ह चढवा आणि एसीच्या हवेच्या वाटेवरची जाळी फाटली आहे का ते पाहा.

शेवटी बॅटरी. पिवळी आणि लाल एकत्र जोडून सेट ‘चालू’ करण्याची युक्ती फार चालते. सेट विसरून चालू राहिला आणि ३०० मिलिअँपियर ओढत बसला तर दिवसाला ७ अँपियर-तासांहून जास्त जातात. छोट्या गाडीच्या ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त शक्ती तीन दिवसांत संपते. काम झाल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर घेऊन निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याच्या केबलच्या मध्ये लावा. केबल सुटताना वीज खंडित होऊ देऊ नका, नाहीतर गाडीतली यंत्रणा पुन्हा जागी होते. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, त्याचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपियरच्या खाली आकडा आला तर गाडी निर्धास्त उभी करा. जास्त असेल तर आधी सेटचा फ्यूज काढून बघा. आकडा खाली आला, तर लाल वायर चावीऐवजी कायमच्या १२ व्होल्टवर गेली आहे का, तिथून शोध सुरू करा.