नेट सारखं जातंय? आधी कुठे तुटतंय ते शोधा

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला, नऱ्ह्याला राहतो, हिंजवडीच्या कंपनीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. म्हणाला ताई, दर वीस-पंचवीस मिनिटांनी नेट जातं, परत आपोआप येतं, मीटिंगमध्ये बोलता बोलता मी गायब होतो आणि मॅनेजर हॅलो हॅलो करत बसतो, नवीन राउटर आणू का? मी म्हटलं थांब, एक रुपया खर्च करू नकोस, आधी नेट नक्की कुठे तुटतंय ते बघू. तासाभरात सापडलं आणि राउटरचा काही संबंधच नव्हता. तेच सगळं इथे लिहितेय, कारण लोक घाईघाईने राउटर बदलतात, नेटची कंपनी बदलतात आणि त्रास तसाच राहतो.

नेट दोन ठिकाणी तुटू शकतं, तुमचा कॉम्प्युटर ते राउटर किंवा राउटर ते नेट देणारी कंपनी. पुढचं सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, नेट गेलं की लगेच मोबाईलवर बघा, पण मोबाईल डेटा बंद करून बघा हं, नाहीतर वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय तर छान चाललंय. मोबाईलवरही बंद असेल तर राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर एलओएस (LOS) नावाचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये, सेटिंगमध्ये कितीही बोटं घातली तरी उपयोग नाही. फक्त ती बारीक वायर कपाटामागे दुमडली किंवा चेपली गेलीय का ते बघा, फायबर जास्त वाकली की सिग्नल जातो. टोक काढून बोटाने पुसू नका आणि त्यात डोळा लावून तर अजिबात बघू नका, आत लेझर असतो आणि तो दिसत नाही.

मोबाईलवर नेट चालत असेल किंवा दिवे ठीक असतील तर खरी परीक्षा घ्यायची. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी (cmd) टाईप करून एंटर, काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करा (अक्षरं आकडे सगळे अर्थातच इंग्रजीत), डिफॉल्ट गेटवे समोर जो नंबर येईल तो तुमचा राउटर, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग (ping), मग स्पेस, तो नंबर, परत स्पेस आणि उणे टी (-t), एंटर, म्हणजे कॉम्प्युटर त्या नंबरला सतत निरोप पाठवून उत्तर येतंय का बघत राहतो. ही खिडकी चालू ठेवून दुसरी तशीच उघडा आणि तिथे राउटरच्या नंबरऐवजी ८.८.८.८ टाका, हा गुगलचा सर्व्हर आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आपलं काम करत बसा.

नेट गेलं की दोन्हीकडे बघायचं. राउटरवाली खिडकी नीट चाललीय आणि ८.८.८.८ वाली थांबली, म्हणजे उत्तरांऐवजी एरर येऊ लागली, तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका, राउटर किंवा कंपनीची लाईन. दोन्ही थांबल्या तर बहुतेक गडबड कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधे. दोन्ही चालल्यात पण साइट उघडत नाही, तर बहुतेक डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

आतेभावाच्या दोन्ही खिडक्या एकदम थांबत होत्या आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउटच्या जागी जनरल फेल्युअर येत होतं. हा फरक फार कामाचा आहे. टाइम्ड आउट म्हणजे निरोप गेला पण उत्तर आलं नाही, जनरल फेल्युअर म्हणजे निरोप कॉम्प्युटरच्या बाहेरच पडला नाही, म्हणजे बहुतेक वायफायचं कार्डच (कॉम्प्युटरमधला वायफाय पकडणारा भाग) झोपी जातंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमच्या वायफायच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक असते ती काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, मग पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये वायरलेस अडॅप्टर सापडलं तर ते मॅक्सिमम परफॉर्मन्स करा. त्याचा त्रास अपडेटनंतर सुरू झालेला, म्हणून तिथेच ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टॅबमध्ये रोल बॅकही केलं, म्हणजे जुना ड्रायव्हर परत आणला. रोल बॅक करता येत नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, भलत्या साइटवरची ड्रायव्हर अपडेट करणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका प्लीज.

कार्ड ठीक असेल तर शेजाऱ्याकडून एखादी लॅन केबल मागून आणा आणि एक दिवस वायरवर चालवा. वायरवर नेट टिकलं तर दोष वायफायचा. मुळात वायरवरच चालत असाल आणि तरी जात असेल तर वायरच बदलून बघा, टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असली की नुसत्या धक्क्याने कनेक्शन जातं.

वायफायचं म्हणाल तर पुण्यात दोन टोकं बघितलीत मी. सदाशिव पेठेत मावशीच्या जुन्या वाड्यात भिंती इतक्या जाड की राउटर बाहेरच्या खोलीत आणि माजघरात सिग्नलचा पत्ता नाही, तिथे लांब लॅन केबल टाकून आत दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावला तेव्हा सुटलं. आणि कोथरूडला माझ्या सोसायटीत उलटं, भिंती पातळ पण वायफायची लिस्ट काढली तर पंचवीस-तीस नावं, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात पाय. तिथे राउटरजवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, लांब असाल तर २.४ वरच राहून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यात कमी गर्दीचं निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. दोन्ही बँडचं, म्हणजे २.४ आणि ५ चं, वायफाय नाव एकच असेल तर लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारतो आणि त्या उडीत कॉल तुटतो, म्हणून नावं वेगळी करा. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, आणि यूएसबी ३ ची हार्डडिस्क वायफाय डाँगलला (यूएसबीत लावायचा छोटा वायफाय तुकडा) खेटून असेल तर तीही त्रास देते, डाँगल छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लांब काढा.

राउटर मधेच स्वतःहून बंद-चालू होत असेल तर आधी त्याचा अडॅप्टर संशयित. बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, कमी नको, आणि पिनचं प्लस-मायनस जुळायला हवं. इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की नेट जातं असं बरेच जण म्हणतात, गुरुवारी तर हमखास (पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट बहुतेक गुरुवारीच जाते), कारण इन्व्हर्टर बदली व्हायच्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो लावा.

विंडोजमधलं नेटवर्क रीसेट मी अगदी शेवटी करते, त्याने वायफायचे पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) परत बसवावं लागू शकतं, त्यामुळे सोमवारी सकाळी मीटिंगच्या आधी तर नकोच.

आणि खिडक्यांनी दोष कंपनीकडे दाखवला असेल तर दोन्ही एका फोटोत येतील आणि घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, दिवसातून तीन-चार वेळा. फोनवरचा माणूस राउटर रीस्टार्ट करा म्हणणारच, त्याला सांगा की राउटरपर्यंत पिंग चालू आहे आणि पुढे तुटतंय, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने सोडवलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, आणि तिथे तो डॉकेट नंबर लागतो.