चांद्रयानाचा पतंग जपून ठेवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी सेलोटेप. फाटलेल्या पतंगाला सेलोटेप लावू नका हो, किती वेळा सांगायचं! तिचा गोंद हळूहळू पिवळा पडून कागदात मुरतो, मग टेप सुटून येते पण डाग काही जात नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांकडे 2024 च्या उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाचा, चांद्रयानाचं चित्र असलेला पतंग होता. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, त्यानंतरचं हे पहिलंच उत्तरायण, म्हणजे वस्तू संग्रहात ठेवण्यासारखी. जराशी चीर होती, काकांनी मागून टेप मारली आणि तेवढ्यावर न थांबता लॅमिनेशनला दिला. बांबू मशीनमध्ये जात नाही म्हणून दुकानदाराने कमान आणि ढड्डा (वाकवलेली आडवी काडी आणि सरळ उभी काडी) उपटून काढला, किन्ना म्हणजे मांजा बांधायचा दोरा तोडला. गरम प्लास्टिक कागदाला चिकटलं की सोडवताना कागदच सोलून येतो, त्यामुळे आता काही करता येत नाही, पतंगाचं पोस्टर झालंय. मला फार वाईट वाटलं. म्युझियममध्ये बांबू, गाठ, खळ हे सगळं मिळून पतंग धरतात, नुसतं चित्र नाही. फाटलाय तर फाटलेला राहू दे, घाई कशाला? मी फारच गरज असेल तर मागून पातळ जपानी टिश्यू कागद लावतो, तोही गव्हाच्या खळीने आणि खळ अगदी कमी, कारण जास्त झाली की कसर लागलीच समजा. रद्दीच्या पेपरात गुंडाळू नका, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

खेळण्यातल्या पत्र्याच्या जुन्या जपानी रॉकेटमध्ये सेल ठेवून देणं ही दुसरी चूक. पाहुणे आले की चालवून दाखवायचं आणि मग सेल आतच विसरायचे! अल्कलाइन सेल गळला की क्षार बाहेर येतो आणि आतल्या पट्ट्या खातो. दाखवून झालं की लगेच सेल काढायचे, मी तर दाखवतच नाही.

पत्र्यावर पॉलिश घासू नका, ते चित्र म्हणजे छापलेल्या शाईचा पातळ थर असतो. खेळण्याचा खोका फेकू नका. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या यानाजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, काही प्लास्टिक त्या वाफेने मऊ पडतं. शोकेस खिडकीसमोर नको, म्युझियमवाले कागदावर साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच उजेड ठेवतात.

आणि कुठून, कधी घेतला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, पतंगावर नाही. काही अडलं तर आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत म्युझियॉलॉजीचा (म्युझियमशास्त्राचा) विभाग आहे, तिथे विचारा, पण टेप लावायच्या आधी.