पाड्यावर मंडळी सुरू करायची आहे? इमारतीचं नंतर बघू

मुंबईतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी कुणावर तरी हा भार येतोच, की खेड्यात जाऊन काम सुरू करायचं. ईस्टर होतो, सुट्ट्या लागतात, तरुण संघ बस ठरवतो, पत्रकं छापतो, एक दिवस पाड्यावर गाणी गाऊन परत येतो. मग पंचांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, जागा किती लागेल आणि पत्र्याचा खर्च किती. मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून मुरबाड तालुक्यातल्या पाड्यांवर जाते, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो, आणि माझं उत्तर काही बदलत नाही. इमारत शेवटी. त्याआधी तीन गोष्टी हव्यात: तिथलीच माणसं, एक नोंदवही आणि माती द्यायला जागा. ही तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन टिकत नाहीत. ते का, ते पुढे सांगते.

कुठे जायचं आणि कसं जायचं

नकाशा पसरून गाव निवडू नका. ज्या गावातून कुणीतरी बोलावलंय तिथे जा. नाक्यावर कामाला येणारा गवंडी, वॉर्डात भेटलेलं पेशंटचं बिऱ्हाड, सोसायटीचा वॉचमन, अशी एक तरी ओळख असतेच. तिच्याशिवाय गेलात तर पाडा ऐकून घेतो, चहा पाजतो आणि तुम्ही वळलात की विसरतो.

कल्याणपर्यंत लोकल, तिथून मुरबाडची एसटी, पुढे मिळेल ती जीप. स्वतःची मोठी गाडी नेऊ नका. पांढरी इनोव्हा दिसली की पाड्याला दोनच माणसं आठवतात, निवडणुकीचा उमेदवार नाहीतर फार्महाऊसच्या जमिनी बघणारा एजंट. एसटीने गेलात तर शेजारी बसलेली बाई तुम्हाला गावाची निम्मी माहिती फुकट देते.

पहिल्याच भेटीत पोलीस पाटील आणि सरपंच यांना जाऊन भेटा. आपण कोण, कुठल्या मंडळीचे, कुणाच्या घरी बसणार, हे सरळ सांगा. लपूनछपून केलेली प्रार्थनासभा संध्याकाळपर्यंत गावभर होतेच, फक्त तिखटमीठ लागून. लाऊडस्पीकर अजिबात नको. एका घराच्या ओट्यावर दहा माणसं बसणार असतील तर माईक कशाला हवा?

वेळापत्रक पाड्याचं घ्या, आपलं नाही. रविवारी सकाळी साडेनऊची उपासना ही शहरातल्या सुट्टीवाल्यांची सोय आहे. तिथे रविवारी मजुरीही असते आणि बाजारही. जुलैत लावणी लागली की माणूस दिवसभर चिखलात वाकलेला असतो, त्याला तुमचा अर्ध्या तासाचा संदेश ऐकायची ताकद नसते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. तुमची मंडळीच सहा-सात महिने भट्टीवर असेल तर तुम्हीही भट्टीवर जा. मालकाला आधी विचारा आणि कामाच्या वेळेत जाऊ नका. पौषात म्हसाची जत्रा भरते. तिला जाऊ नका असं कुणाला सांगू नका, बैल तिथेच विकले जातात.

आजारीपण

पाड्यावर बहुतेक काम आजाऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेतून सुरू होतं. ते चांगलंच आहे. मीही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. पण माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला एक अट आहे. ज्याने औषध बंद करायला सांगितलं, तो पुढच्या वेळी माझ्यासोबत येणार नाही. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. पेशंटची नोंद झाली की नि-क्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपयेही खात्यात येतात. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी उत्साही भाऊ म्हणतो, प्रभूने बरं केलंय, आता गोळ्या कशाला? असा क्षय परत येतो तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. आपल्या मुंबईत १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने वारले. तेव्हा सलाइन नव्हतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. प्रार्थना जीपमध्ये बसल्यावरही करता येते.

काय द्यायचं नाही

कपडे, धान्य, वह्या, ब्लँकेट यातलं काहीही उपासनेच्या दिवशी वाटायचं नाही. मदत करायचीच असेल तर वेगळ्या दिवशी करा, शाळेमार्फत करा आणि पाड्यातल्या सगळ्या घरांना द्या. उपासनेला येणारी पाच घरं आणि न येणारी वीस, अशी यादी बनवलीत की तुम्ही आमिषाचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहिलात. शिवाय ब्लँकेटसाठी आलेला माणूस ब्लँकेट संपलं की जातो. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक वाकडा शब्द काढायचा नाही. त्याने कायद्यात अडकाल हे आहेच, पण ज्याच्या घरात बसून चहा पिताय त्याच्या आईच्या देव्हाऱ्याला नावं ठेवणं हा असभ्यपणा आहे.

अर्पण पहिल्या महिन्यापासून घ्या. दहा रुपये येऊ देत, पसाभर तांदूळ येऊ देत. हिशोब त्यांच्यातल्याच एका बाईकडे ठेवा. बचत गटामुळे पाड्यावरच्या बायकांना वही लिहिता येते, ती कला वापरा. मुंबईचा पैसा प्रवासाला आणि पुस्तकांना ठीक. पाळकाचा, म्हणजे पाद्र्याचा, पगार, चटया, चहा सगळं मुंबईहून गेलं, तर मुंबईच्या कमिटीत भांडण झालं की पाड्यावरची उपासना बंद पडते. हे मी पाहिलंय, कुठे ते लिहीत नाही.

गाण्याचंही तसंच. कीबोर्ड नेऊ नका, वीज दिवसातून चारदा जाते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, पण गाणी लिहायला बसल्यावर त्यांनी अभंग आणि ओवी काही सोडली नाही. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची पदं टाळ आणि ढोलकीवर बसतात. शब्द एकदा म्हणून दाखवा आणि चाल पाड्याला लावू द्या. आपल्या कानाला ती चुकीची वाटली तर आपला कान दुरुस्त करून घ्या.

बाप्तिस्म्याआधी

घाई करू नका. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक लावणी, एक कापणी आणि भट्टीचा एक मोसम जाऊ द्या. ज्याला घ्यायचा आहे त्याला घरच्यांसमोर विचारा. नवरा-बायकोत एकमत नसेल तर थांबा, आणि मुलांच्या बाबतीत आई आणि बाप दोघांचा होकार हवाच.

जातीच्या दाखल्याबद्दलचं खरं आधी सांगा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झालेल्याचा तो दर्जा जातो. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अट नाही, म्हणून ठाकर किंवा कातकरी माणसाचं गणित वेगळं. हे बाप्तिस्म्यानंतर कळलेला माणूस तुम्हाला फसवणारा म्हणेल आणि त्याचं चुकणार नाही. संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच म्हटलंय. धर्मांतराबद्दलचे राज्याचे नियम त्या वर्षी काय आहेत ते वकिलाकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला कायदा म्हणजे कायदा नव्हे.

नोंदवही म्हणजे जाड पुठ्ठ्याची मोठी वही. तारीख, नाव, आईवडिलांचं नाव, वय, साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू असे तीन भाग करा. एक प्रत पाड्यावर, एक मुंबईत. लग्न मात्र कुणीही उठून लावायचं नाही. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली अधिकार असलेल्या पाळकालाच बोलवा, नाहीतर पोरीला पुढे दाखल्यासाठी वणवण करावी लागते.

माती

मुंबईत आपलं कुणी गेलं की शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ठरलेली असते. फोन, पेटी, गाडी, दुपारपर्यंत माती. त्यामुळे शहरातून गेलेल्या कुणाच्याच डोक्यात हा प्रश्न येत नाही. पाड्यावर मात्र पहिलं मरण हीच मंडळीची परीक्षा असते. बस्तरमधल्या एका गावच्या पाळकाचा मृतदेह २०२५च्या जानेवारीत जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता, कारण गावात पुरायला विरोध झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि अखेर माती गावात नाही तर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत द्यायचं ठरलं. ही वेळ आपल्या लोकांवर आणायची नसेल तर कुणी आजारी नसतानाच हा विषय काढा.

दहनभूमी-दफनभूमीची व्यवस्था हे ग्रामपंचायतीच्या कामांत येतं. मंडळीतल्या गावकऱ्यांनी, म्हणजे तिथल्या मतदारांनी, स्वतःच्या सहीने ग्रामसभेपुढे अर्ज ठेवायचा. मुंबईच्या लेटरहेडवर नाही. आहे त्या स्मशानातलाच एक कोपरा मागितला तर बहुतेकदा मिळतो. काही आदिवासी समाजांत पुरण्याची चाल आहेच, त्यामुळे वेगळं काही मागतोय असं वाटत नाही. वेगळी कुंपण घातलेली जागा मागाल तर वाद ओढवून घ्याल. ठराव झाला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या, सही-शिक्क्याची प्रत घ्या.

जागा बघताना मात्र वर चढून बघा. ओढ्याकाठची काळी माती खणायला सोपी, पण पावसात खड्डा पाण्याने भरतो. माळावरचा मुरूम पहारीने फोडावा लागतो, घाम निघतो, पण खड्डा कोरडा राहतो. विहिरीपासून लांब, आणि वरून बैलगाडीची वाट जात नाही ना ते बघा.

एका ठाकरवाडीतले म्हातारबाबा श्रावणात गेले. मंडळी म्हणजे अवघी पाच घरं. मुलाने रात्री फोन केला, “सिस्टर, भावकी विचारतेय कुठं न्यायचं.” मुंबईहून पेटी पाठवावी असं आमच्याकडे कुणीतरी सुचवलं. पण शेवटचा तुकडा बांधावरून जातो, पेटी वळलीच नसती. बाबांना त्यांच्याच घोंगडीत गुंडाळून बांबूच्या शिडीवर नेलं. खांदा भावकीने दिला, त्यातला एकही जण आपल्या उपासनेला येत नाही. दोघंतिघं कुरकुरले तेव्हा सुनेने पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डासोबत ठेवलेली ठरावाची प्रत काढली. प्लास्टिकच्या पिशवीत होती, म्हणून भिजली नाही. पोलीस पाटलांनी ती मोठ्याने वाचली आणि पहारी चालू झाल्या.

बाबांच्या थोरल्या बहिणीला त्यांच्या तोंडात नाणं ठेवायचं होतं. पाळक तिला समजवायला निघाले, मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढला. मयताभोवती कुणाचा धर्मशास्त्राचा तास घेऊ नये. काय करायचं आणि काय नाही हे घरच्यांनी आधीच, शांतपणे ठरवलेलं असावं, आणि म्हाताऱ्या बहिणीचं दुःख त्या यादीत बसलं नाही तर यादी बाजूला ठेवावी. दहाव्याचंही आधी ठरवा. भावकी जेवायला येणारच. त्या घराने दहाव्या दिवशी प्रार्थना ठेवली, डाळ-भात केला आणि सगळ्यांना वाढलं. पिंड ठेवले नाहीत, आणि त्यावरून कुणी पानावरून उठलंही नाही.

राहिली इमारत

ओटा पुरेनासा झाला की मगच. आदिवासी माणसाची जमीन बिगर-आदिवासीला किंवा ट्रस्टला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हातही लावू नका, शंभराच्या स्टॅम्पवर केलेला करार कामाचा नाही. सातबारा बघा, शेतजमीन असेल तर बिनशेतीचं काय ते तहसीलमध्ये विचारा. जागा पाळकाच्या नावावर कधीच नको, माणूस कितीही चांगला असो, त्याला मुलं असतात आणि मुलांना वाटणी हवी असते. जागा नोंदणी झालेल्या ट्रस्टच्या नावावर घ्या आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तिची नोंद करा. ट्रस्टींमध्ये पाड्यातले किमान दोघं असू देत, त्यातली एक बाई, शक्यतो जिच्याकडे अर्पणाची वही आहे ती. विजेचं मीटरही ट्रस्टच्याच नावावर घ्या, पण बिल अर्पणातून भरा. अर्पणातून बिल निघत नसेल तर अजून एक वर्ष ओट्यावरच बसा.