सांभाळलेला कुत्रा परत दिल्यावर मालकाशी मतभेद झाल्यास

शेजाऱ्यांचा किंवा नातेवाइकांचा कुत्रा आठ-दहा दिवस आपल्या घरी राहिला, की वर्षानुवर्षे त्यांच्याकडे ये-जा करूनही न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. तो कान का खाजवतो, जिना चढताना कोणता पाय उचलून धरतो, भांडे वाजले की खाण्यावर कसा तुटून पडतो, हे सगळे लक्षात येते आणि मालक परतले की त्यांना सांगितलेच पाहिजे असे वाटते. सांगावेच, परंतु कधी आणि कोणत्या क्रमाने सांगावे याचा विचार आधी करावा, कारण मालक दुखावले तर त्या रागाची झळ शेवटी कुत्र्यालाच लागते.

माझी पहिली चूक वेळेची होती. पुण्यात आमच्या शेजारचे काका-काकू एका मे महिन्यात अकरा दिवस मुलीकडे गेले होते आणि त्यांचा सात वर्षांचा लॅब्रॅडॉर आमच्याकडे होता. पहिल्याच रात्री त्याच्या कानांच्या आत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत मला गोचिडी दिसल्या. काही तर रक्त पिऊन वाटाण्याएवढ्या राखाडी गोळ्या झाल्या होत्या. चिमट्याने एकेक काढून साबणाच्या पाण्यात टाकत गेले, तेव्हा सदतीस भरल्या. ते परत आले त्या संध्याकाळी, काका अजून रिक्षातून बॅगा उतरवत असतानाच, मी हा आकडा जिन्यात उभ्या उभ्या त्यांना ऐकवला. काकूंचा चेहरा उतरला. काकांनी माझ्या हातातून पट्टा घेतला आणि "सात वर्षं आम्हीच सांभाळतोय त्याला," एवढेच म्हणून ते वर गेले. पुढे चार दिवस बोलणे बंद राहिले आणि त्या चार दिवसांत गोचिडीचे औषधही आले नाही.

म्हणून कुत्रा परत देण्याच्या दिवशी फक्त पट्टा, भांडे, उरलेले खाद्य आणि लसीकरणाचे कार्ड द्यावे, तो कसा राहिला ते दोन वाक्यांत सांगावे आणि बाकीच्या बोलण्यासाठी दोन-तीन दिवसांनंतरची वेळ मागून घ्यावी. हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवी बंद होणे, वारंवार उलट्या होणे किंवा पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड न लावणे अशी लक्षणे मात्र याला अपवाद आहेत. तेव्हा मालक प्रवासात असले तरी लगेच फोन करावा आणि कुत्र्याला डॉक्टरांकडे न्यावे.

बोलण्यापूर्वी एका कागदावर आपण काय पाहिले, काय केले आणि आपले मत काय आहे, हे वेगवेगळे लिहून काढावे. हा खटाटोप अनावश्यक वाटेल, पण बहुतेक भांडणे मत हे निरीक्षण म्हणून सांगितल्यामुळे होतात. "तुम्ही त्याला फार खाऊ घालता" हे मत आहे. "त्याच्या बरगड्या हाताला लागत नाहीत आणि डॉक्टरांच्या काट्यावर त्याचे वजन ४१ किलो भरले" हे निरीक्षण आहे, आणि त्यावर रागावता आले तरी वाद घालता येत नाही. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर मालकाला दोष न देता बोलण्याची एक सोयही आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की या जातीच्या साधारण चारपैकी एका कुत्र्यात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची हाव अधिक असते. ही माहिती दिल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे हा उपाशी असल्यासारखं बघतो ते नाटक नाही तर!" आणि पोळ्या किती द्यायच्या हा विषय त्यांनी आपणहून काढला.

आपली चूक असेल तर ती सर्वांत आधी सांगावी. मी काकांच्या कुत्र्याला शिऱ्याचे पातेले चाटायला दिले होते आणि तळाशी मनुका होत्या. द्राक्षे आणि मनुका यांमुळे काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि कोणत्या कुत्र्याला किती प्रमाणात अपाय होईल याचा अंदाज बांधता येत नाही, हे मला कळले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. सुदैवाने त्याला काही झाले नाही. पण ही गोष्ट मी पाचव्या दिवशी, गोचिडींचा विषय पुन्हा काढण्यापूर्वी सांगितली, आणि काकांच्या बोलण्यातला ताठरपणा तेथेच कमी झाला. कांदा, लसूण, चॉकलेट किंवा माणसांसाठीची वेदनाशामक गोळी चुकून दिली गेली असेल, तर ते त्याच क्षणी डॉक्टरांना आणि मालकांना कळवावे.

सर्वांत कडवट वाद बहुधा आजार कोणाच्या घरी लागला यावरून होतात, आणि गोचीडतापाच्या बाबतीत तारखांचा उपयोग होतो. बाधित गोचीड चावल्यापासून ताप दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. त्यामुळे तुमच्याकडे आल्याच्या तिसऱ्या दिवशी कुत्रा आजारी पडला, तर लागण बहुधा आधीची असते. तो परत गेल्यावर आठवड्याने पडला, तर ती तुमच्या घरी झालेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि हे दुसरे वाक्यही तितक्याच सरळपणे मान्य करावे. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड घरातही वाढते. रक्ताने फुगलेली मादी अंगावरून गळून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. मी काकांना दोष न देता त्यांच्या बाल्कनीच्या फरशीचा सांधा दाखवला. तिथे बारीक लालसर पिल्ले सरपटत होती आणि पुढे मला काही सांगावे लागले नाही. रॉकेल चोळण्याचा किंवा गुरांचे गोचिडीचे औषध अंदाजाने पाणी घालून लावण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतेच. तो मानू नये, आणि मालक तसे करणार असतील तर स्पष्ट विरोध करावा, कारण त्याने कातडी भाजते आणि विषबाधाही होते. औषध आणि मात्रा डॉक्टरांनी वजन करून ठरवावी.

एका बैठकीत एकच मागणी करावी. गोचिडी, वजन, वाढलेली नखे आणि बाल्कनीतली साखळी असे सगळे मी एकदम काढले असते, तर काकांनी साखळीवरून वाद घातला असता आणि बाकीचे तिथेच राहिले असते. मी फक्त डॉक्टरांकडे जाण्याचे मागितले आणि सोबत येते म्हणाले. खर्च हे कारण असेल तर मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल किंवा इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना सुचवावा. तुमच्या ताब्यात असताना झालेल्या उपचारांच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्यात.

मालकांची तक्रार तुमच्याबद्दल असू शकते. परत गेल्यावर दोन दिवस जुलाब झाले, तो बिछान्यावर चढू लागला, रात्री रडतो, असे ते सांगतील. घर आणि खाणे बदलल्याने पोट बिघडते हे खरे असले, तरी तेवढे सांगून हात झटकू नयेत. रोज काय आणि किती वाजता दिले ते लिहून द्यावे. बिछान्याची सवय आम्हीच लावली होती, त्यामुळे त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याची भाषा शेजाऱ्याशी पहिल्या बोलण्यात वापरू नये, पण कायदा माहीत असावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवणे टाळणे आणि पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे, त्यामुळे धमकीत फारसा दम नसतो. त्याच कायद्याचे कलम ३ प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकावर जबाबदारी टाकते, म्हणजे त्या अकरा दिवसांत ती माझ्यावर होती. मारहाण, उपासमार किंवा उघड्या जखमा दिसत असतील तर बोलण्यात वेळ न घालवता तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि पोलिसांकडे किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार करावी. कुत्रा परत न देता घरीच ठेवून घेण्याचा मोह आवरावा. कायद्याच्या दृष्टीने तो मालकाची मालमत्ता आहे आणि आरोपी तुम्हीच व्हाल.

साखळीचा प्रश्न आमच्याकडे पूर्ण सुटला नाही. दुपारी तो अजून बाल्कनीत बांधलेला असतो. फक्त साखळीच्या जागी लांब दोरी आली आणि उन्हासाठी हिरवी जाळी लागली. पुढच्या वेळी सांभाळायला विचारले, तेव्हा मी दोन अटी घातल्या: येण्याआधी आठवडाभर गोचिडीचे औषध लावलेले असावे आणि डॉक्टरांचा क्रमांक व खर्चाची मर्यादा कागदावर लिहून मिळावी. काकांनी तो कागद लिहून दिला. खर्चाची मर्यादा मला कमी वाटली, आणि त्यावरून आमचे पुन्हा थोडे वाजले.